वर्दी तपासायला दोघं लागतात

वर्दीतले बहुतेक दोष अशा जागी असतात जिथं घालणाऱ्याची नजर पोचत नाही. बेरेची, म्हणजे फौजी गोल कापडी टोपीची, मागची गाठ, कॉलरच्या वर डोकावणारा बनियन, पाठीवर पट्ट्याच्या वर गोळा झालेला शर्ट, मागच्या लूपमधून निसटलेला पट्टा. आरशासमोर कितीही वेळ उभं राहा, हे दिसत नाही. मला ते कामठीत, एनसीसी अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणात समजलं, पस्तिशी ओलांडल्यावर. आज माझ्या छात्रांना वर्दीबद्दल सांगायला लागलो की मी सुरुवात याच गोष्टीपासून करतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या कॉलेजात एनसीसीची तुकडी जुनी आहे. ती सांभाळणारे सर निवृत्त व्हायला आले तेव्हा प्राचार्यांनी मला विचारलं. मी विद्यार्थी असताना एनसीसीत नव्हतो, घरात फौजेतलं कुणी नव्हतं. तरी हो म्हणालो, कारण आमच्या वर्गातली निम्मी मुलं पहाटे उठून रस्त्यावर पळताना मी रोज बघत होतो. भरती हा इथल्या घराघरातला विषय. त्या मुलांना माझ्याकडून सनावळीपलीकडे काही द्यायचं असेल तर रस्ता हाच होता. बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरांनी मुलाखत घेतली, वैद्यकीय तपासणी झाली आणि प्रशिक्षणाचं पत्र आलं.

एनसीसी अधिकारी होणारे पुरुष शिक्षक कामठीच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत जातात, महिला शिक्षक ग्वाल्हेरला. कामठी नागपूरच्या अंगाला, कन्हान नदीच्या काठी. १८२१ साली वसलेली छावणी. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटरही तिथंच आहे, त्यामुळे गावात कुठंही गेलं तरी कडक इस्त्रीची माणसं दिसतात. आमची तुकडी ऐन उन्हाळ्यात पोचली. विदर्भातल्या त्या उन्हात जाड खाकी कापड अंगावर चढवायचं म्हणजे काय, ते सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला सांगून कळत नाही. सकाळची ड्रिल संपेपर्यंत पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटायचे. दुपारी तोच शर्ट धुऊन, वाळवून, इस्त्री करून दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा दिसला पाहिजे.

देशभरातले प्राध्यापक आणि शिक्षक तिथं होते. कुणी मणिपूरचा, कुणी राजस्थानचा. शेजारच्या खाटेवर केरळचे एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पहिल्याच दिवशी उस्तादांनी जोड्या लावल्या आणि ते माझे बडी झाले. उस्ताद म्हणजे फौजेतून आलेले प्रशिक्षक. आमचे हवालदार होते, वयानं माझ्याहून लहान, आणि आम्हाला ‘सर’ म्हणायचे. पण त्या ‘सर’नंतर जे वाक्य यायचं त्यात सूट नसायची.

पहिला आठवडा जवळजवळ सगळा पोशाखात गेला. मला वाटलं होतं की शर्ट, पॅन्ट, टोपी, बूट, पट्टा घातला की झालं. प्रत्यक्षात यातली एकही वस्तू दुकानातून आली तशी घालता येत नाही. प्रत्येकीला घडवावं लागतं.

बेरेचंच घ्या. नवी बेरे फुगलेली, ताठ असते, डोक्यावर ठेवली की बशीसारखी आडवी राहते. ती आधी गरम पाण्यात भिजवायची, मग गार पाण्यातून काढून दाबून पाणी घालवायचं. पिळायची नाही. ओली असतानाच डोक्यावर चढवायची. कातडी पट्टा कपाळावर सरळ आडवा, भुवयांच्या वर दोन बोटं. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर. मग उजव्या हातानं सगळं कापड उजवीकडे खाली, कानाच्या दिशेनं ओढून तळव्यानं दाबत राहायचं. आणि ती वाळेपर्यंत डोक्यावरच राहू द्यायची. त्या संध्याकाळी आमच्या बरॅकीच्या व्हरांड्यात डॉक्टरेट मिळवलेली माणसं ओल्या टोप्या घालून ओळीनं बसली होती आणि एकमेकांची कापडं दाबून देत होती. बिल्ला खरोखर डोळ्याच्या वर आहे की नाकाकडे सरकलाय, हे समोरचाच सांगू शकतो. मागच्या दोरीची गाठ मारून टोकं पट्ट्याच्या आत सारायची, ती दिसायला नकोत. ते काम तर स्वतःला जमतच नाही. माझी गाठ केरळच्या सरांनी मारली, त्यांची मी.

बूट हा दुसरा मोठा धडा. डीएमएस बूट म्हणजे ज्याचा तळ शिवलेला नसतो, वरच्या कातड्यावर थेट साच्यात ओतलेला असतो. दणकट असतो, पण कातडं सुरुवातीला खरखरीत असतं. त्याला चमक आणायला पॉलिश थापून ब्रश मारणं पुरत नाही. सुती फडकं दोन बोटांना घट्ट गुंडाळायचं, डबीतून अगदी थोडं पॉलिश घ्यायचं, एक थेंब पाणी, आणि पंज्यावर छोटी छोटी वर्तुळं काढत राहायचं. थर वाळला की पुन्हा. घाई केली, जास्त पॉलिश घेतलं, की थर फाटतो आणि सगळं खरवडून नव्यानं सुरू. उस्तादांचे बूट मी जवळून बघितले तेव्हा त्यात आकाश दिसत होतं. त्यांनी सांगितलं की ही चमक एका दिवसाची नाही, रोज रात्रीच्या थोड्या थोड्या वेळाची आहे. नाडीसुद्धा फुलीत नाही, आडव्या समांतर रेघांत ओवायची, आणि टोकं आत.

इस्त्री मला येत होती असं मी समजत होतो. वर्दीची इस्त्री वेगळी. बाहीवर एकच धारदार घडी, खांद्याच्या शिवणीपासून सरळ खाली. पॅन्टची पुढची घडी बुटाच्या मध्यावर उतरली पाहिजे. दोन घड्या उमटल्या, म्हणजे जुन्या रेघेशेजारी नवी पडली, तर न केलेली परवडली. शर्टाची बटणपट्टी, पट्ट्याच्या बकलाची कड आणि पॅन्टची पुढची पट्टी, या तिन्ही एका उभ्या रेषेत. शर्ट आत खोचल्यावर दोन्ही बाजूंचं जादा कापड मागे नेऊन चापून घडी घालायची, म्हणजे पोटावर सुरकुती राहत नाही. ही घडीही बडीनंच घालायची. एकट्यानं घातली की एका बाजूला तिरकी जाते.

तिथं मला एक प्रश्न पडला होता. मी इतिहासाचा माणूस, कारण कळल्याशिवाय कामात जीव लागत नाही. बिल्ला दोन बोटं इकडे तिकडे झाला तर काय बिघडतं? एका रात्री पॉलिश करता करता मी उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, ‘सर, मोर्चे पे मेरे हथियार का सेफ्टी कॅच मेरा बडी देखता है. आज वो मेरी कॉलर नहीं देखेगा, तो कल सेफ्टी कॅच कैसे देखेगा?’ एवढं बोलून ते पुन्हा फडकं फिरवायला लागले.

माझ्या वाचनातलं दुसरं उत्तर यालाच जोडलेलं आहे. १९०७ च्या हेग नियमांत सशस्त्र माणसाला युद्धातला कायदेशीर लढवय्या मानायच्या ज्या अटी आहेत, त्यांत एक अट दुरून ओळखू येईल अशी ठरलेली खूण अंगावर असण्याची आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातही ती आली. वर्दी ही समोरच्याला दिलेली खबर आहे की हा माणूस कोण, कुणाच्या हुकमाखाली आहे आणि त्याच्या कृत्याला कोण जबाबदार आहे. ती खबर अर्धवट किंवा खोटी असेल तर माणसं मरतात. २०१६ च्या जानेवारीत पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे दहशतवादी लष्करी पोशाखात आले होते. त्यानंतर लष्करानं लोकांना आवाहन केलं की फौजी कापडाचे कपडे घालू नका, विकू नका. सैनिक नसताना सैनिक वाटावं या हेतूनं त्याचा पोशाख घालणं हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १४० खाली गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आठवडी बाजारात चट्ट्यापट्ट्यांची पॅन्ट घेणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे सांगतो. रागानं नाही. त्याला फौजेचं प्रेम आहे म्हणूनच तो ती घेतो, आणि त्या प्रेमाला योग्य रस्ता दाखवणं माझं काम आहे.

फितींचा तास मात्र मला सर्वांत आवडला. छातीवर डाव्या खिशाच्या वर लागणाऱ्या फितींना क्रम असतो. सर्वोच्च सन्मान मध्याकडे, बटणांच्या बाजूला, आणि तिथून खांद्याकडे उतरता क्रम. त्यामुळे ज्याला वाचता येतं त्याला माणसाची सगळी नोकरी तिथं दिसते. परमवीर चक्राची फीत साधी जांभळी, एका रंगाची. ते चक्र सावित्रीबाई खानोलकरांनी घडवलं, हे मी तिथं वर्गात उभं राहून सांगितलं, कारण आपल्याकडच्या माणसालाही ते पुष्कळदा माहीत नसतं. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ही मुलगी विक्रम खानोलकर या मराठी फौजी अधिकाऱ्याशी लग्न करून इथली झाली, संस्कृत आणि पुराणं शिकली, आणि दधीचीच्या अस्थींपासून झालेलं इंद्राचं वज्र तिनं त्या कांस्य पदकावर चारही बाजूंना कोरलं. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळालं, आणि ते सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर होते. बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या पलटणीतल्या रामा राघोबा राणेंनी १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून दिली, त्यांच्या छातीवर हीच जांभळी फीत आली. एवढ्याशा कापडाच्या तुकड्यात हे सगळं असेल, तर ती तिरकी लावणं म्हणजे नुसता नीटनेटकेपणाचा दोष राहत नाही. आणखी एक रीत तिथं कळली. वारलेल्या सैनिकाची पदकं घरचं माणूस लावतं तेव्हा ती उजव्या छातीवर लावायची. डावी बाजू ज्यानं कमावली त्याची.

प्रशिक्षण संपताना खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे आले. बॅगेत पितळ चमकवायच्या ब्रासोची बाटली, पट्ट्याला रंग द्यायच्या ब्लँकोची वडी, तीन फडकी आणि दोन ब्रश घेऊन मी परत आलो.

कॉलेजात खरं काम सुरू झालं, आणि ते कामठीपेक्षा अवघड होतं. तिथं सगळं भांडारातून मिळत होतं. इथं २०२२ पासून वर्दीचे पैसे थेट छात्राच्या बँक खात्यात येतात. त्यासाठी ‘पहली उड़ान’ योजनेत स्टेट बँकेत शून्य शिल्लक खातं उघडून देतात. मुलांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचं खातं आलं, हे चांगलंच. पण प्रत्येकानं आपापल्या गावच्या दुकानातून खाकी आणली तर ओळीत उभं राहिल्यावर कुणी पिवळट, कुणी हिरवट, कुणी तपकिरी दिसतो. एक होण्यासाठी घातलेला कपडाच सगळ्यांना वेगळं करतो. म्हणून आम्ही आता एकाच दुकानातून सलग ठाण उचलतो आणि तालुक्याला पोलिसांचे कपडे शिवणाऱ्या एका शिंप्याकडे सगळ्यांची मापं देतो. त्यांना खिशाची पाकळी, खांद्याची पट्टी, पाठीची घडी सांगावी लागत नाही. फक्त एक गोष्ट पहिल्या वर्षी समजावून सांगितली. ही पोरं सहा महिन्यांत खांद्यात भरतात, तेव्हा शिवणीत माया सोडा. ते हसले आणि म्हणाले, ‘सर, भरतीच्या पोरांचं माप मी पोटाचं कमी धरतो आणि छातीचं जास्त.’

मुलींच्या बाबतीत निराळे प्रश्न आले. केसांचा अंबाडा जाळीत, काळ्या पिनांनी, बेरेखाली नीट बसेल असा मानेवर. ते त्या एकमेकींना शिकवतात, मला शब्दही बोलावा लागत नाही. पण कवायतीला हातात बांगड्या चालत नाहीत. एका मुलीची आजी कॉलेजात आली. मोकळ्या हातांनी पोरगी घराबाहेर पडते, हे तिला पटत नव्हतं, आणि तिच्या दृष्टीनं ते अशुभ होतं. मी तिला मैदानावर नेलं. तिची नात बंदुकीची सलामी देत होती. बांगडी असती तर लाकडी दस्त्यावर फुटून मनगटात घुसली असती, हे तिला डोळ्यांनी दिसलं. आजी म्हणाली, ‘मग पिशवीत ठिवत जा बाई, घरी येताना घाल.’ आजही ती मुलगी मैदानाच्या कडेला बांगड्या रुमालात बांधून ठेवते, आणि तो रुमाल तिची बडी सांभाळते.

जोडीची पद्धत मी पहिल्या परेडपासून लावली. निरीक्षणाच्या आधी सगळे समोरासमोर उभे राहतात आणि डोक्यापासून खाली उतरतात. बेरे, बिल्ला, लाल हॅकल, म्हणजे बेरेवरचा तुरा, ताठ आहे का, दाढी, कॉलर, उजव्या खिशावर नावाची पट्टी सरळ आहे का, लॅनयार्ड, म्हणजे खांद्यावरची गुंफलेली दोरी, वळलाय का, पट्टा, बकल, घोट्यावर बांधायच्या अँकलेटच्या पट्ट्यांची टोकं बाहेरच्या बाजूला आणि मागे वळलेली आहेत का, नाडी. मग एकमेकांना पाठ करायची आणि पुन्हा वरपासून. तपासणाऱ्यानं नुसतं सांगायचं नाही, हातानं ठीक करून द्यायचं. जातीपातीच्या, गावकीच्या, शेताच्या बांधाच्या भांडणाच्या घरांतून आलेली पोरं एकमेकांची कॉलर सरळ करतात. एनसीसीचं ब्रीदवाक्य ‘एकता और अनुशासन’ आहे. त्यातला अनुशासनाचा भाग मला उस्तादांनी शिकवला. एकतेचा भाग मी या समोरासमोरच्या रांगांत बघितला.

निरीक्षणात दोष सापडला तर मी आधी दोष असलेल्याला विचारत नाही, त्याच्या जोडीदाराला विचारतो. सुरुवातीला मुलांना हा अन्याय वाटला. एकानं तसं स्पष्ट विचारलंही: ‘सर, त्याच्या बुटाला मी का जबाबदार?’ मी त्याला उस्तादांचं सेफ्टी कॅचचं वाक्य सांगितलं. त्याला ते पटायला महिना लागला असेल, पण आता तो सार्जंट आहे आणि नव्या मुलांना तेच वाक्य माझ्यापेक्षा चांगलं सांगतो.

याचा अर्थ मला पुरता कळला तो एका पावसाळ्यात. आमच्या भागातल्या एका गावचा जवान सीमेवर हुतात्मा झाला. रात्री तहसीलमधून फोन आला, अंत्ययात्रेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना छात्र हवे होते. मी मुलांना पहाटे कॉलेजच्या आवारात बोलावलं. पाऊस होता, रस्ते चिखलाचे. मी पोचलो तेव्हा मुलं आधीच आली होती. बूट प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, साध्या चपलांनी चालत आली होती, आणि कुणीही न सांगता व्हरांड्याच्या दिव्याखाली समोरासमोर उभी राहून एकमेकांचं तपासत होती. कुणी बोलत नव्हतं. एकाच्या बेरेची गाठ सुटली होती, ती दुसरा बांधत होता.

गावात हजारो माणसं लोटली होती. पार्थिव यायला वेळ होता. तेव्हा त्या जवानाचे चुलते, निवृत्त सुभेदार, धोतर-सदरा आणि छातीवर पदकांची ओळ, घरातून बाहेर आले आणि आमच्या रांगेपाशी थांबले. मला वाटलं, त्यांना काही हवंय. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले, प्रत्येक छात्राकडे बघत. एकाच्या हॅकलवर पावसाचं पाणी साचून तो वाकला होता, तो त्यांनी दोन बोटांनी झटकून उभा केला. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘पोरं तयार हायती साहेब. माझ्या पोराला अशीच माणसं पायजेत.’ आणि आत गेले. त्या दिवशी कुणी छात्राला कॉलर, गाठ, बकल एवढं कशासाठी, असं विचारलं असतं तर त्याला उत्तर द्यायची गरज मला वाटली नसती. त्या घराला आम्ही आणखी काहीही देऊ शकत नव्हतो. शब्द तर नव्हतेच. आम्ही नीट उभं राहून आणि नीट दिसून एवढंच सांगू शकत होतो, की तुमच्या मुलाचं मोल आम्हाला कळतं.

नंतर वर्गात एका मुलीनं विचारलं, की वीरपत्नीनं पदक पुढे कधी लावायचं झालं तर कुठं. मी उजव्या बाजूचं सांगितलं. ती म्हणाली, ‘सर, हे गावात कुणाला माहीत नसेल. मी जाऊन सांगू का?’ वर्षश्राद्धाच्या कार्यक्रमाला ती स्वतः गेली, त्या ताईंच्या शेजारी बसली आणि तिनं पदक उजव्या बाजूला लावून दिलं.

काही लोक मला म्हणतात की युद्ध आता ड्रोनवर आणि संगणकावर चालतं, तुमच्या त्या इस्त्रीचं काय घेऊन बसलात. फौज स्वतः तसं मानत नाही. २०२२ च्या लष्कर दिनी नवा लढाऊ गणवेश आला, त्याच्या नमुन्याचे हक्क लष्करानं स्वतःच्या नावे नोंदवून घेतले. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची बेरे, खांद्यावरचे बिल्ले, बकल, बूट सगळ्या रेजिमेंटांसाठी एक केले आणि लॅनयार्ड काढून टाकला, कारण त्या पदावरचा माणूस आता एका रेजिमेंटचा नसतो, सगळ्यांचा असतो. ज्या माणसानं तीस वर्षं आपल्या पलटणीचा लॅनयार्ड अभिमानानं मिरवला, त्यानं तो उतरवून ठेवायचा. ही किरकोळ गोष्ट असती तर कुणी असा निर्णय घ्यायला बसलं नसतं.

यंदाच्या तुकडीची मापं गेल्या आठवड्यात झाली. ठाण आलंय, रंग मी उन्हात नेऊन जुन्या वर्दीशी जुळवून बघितला, ठीक आहे. बेरे भिजवायचा दिवस रविवारी ठेवलाय. जोड्या मी यादीवरून लावत नाही, पहिल्या परेडला जे शेजारी उभे राहतात त्यांना फोडून लांबच्या गावांची मुलं एकत्र करतो. बादल्या आणि गरम पाण्याची सोय वसतिगृहात झाली आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सांगून ठेवलंय की गाठ कशी मारायची ते नव्या मुलांना दाखवा, पण त्यांच्यासाठी मारून देऊ नका. ती त्यांच्या बडीनं मारायची.